वैशाली अडकली तेव्हाचा फोटो

मंडळी, आज माझी मलाच लाज वाटतेय, म्हणून इथे लिहितोय.

बदली होऊन मी साताऱ्याहून शहापूरला आलो, त्याला तीन महिने झाले. ओळखी व्हाव्यात म्हणून सुट्टीच्या दिवशी इथल्या छोट्या हॉलमध्ये वाजवणाऱ्या बँडचे फोटो काढतो. आज दुपारी मुरबाडला एका साखरपुड्यात ऑर्केस्ट्रा होता. डोळखांबची वैशाली पहिल्यांदाच स्टेजवर गाणार होती.

गाणं छान रंगलं होतं. मला मात्र तिचा हसरा चेहरा हवा होता. मी अगदी स्टेजपाशी गेलो आणि हाताने खूण केली, "हसा, हसा." तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढची ओळच विसरली. वाजवणारे थांबले. लोक हसले. तिने ओढणीत तोंड लपवलं. मी तेव्हाही बटण दाबतच होतो.

कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याकडे आली.

"दादा, मी अडकले तवाचा फोटो नाय ना काढलात?"

"नाही गं," मी म्हणालो.

"बरा झाला. घरी कोणी बघितला असता तर परत गाऊ दिला नसता. तुमी हसायला सांगितलात, मीच येडी, घाबरले."

आणि वर तिनेच माझे आभार मानले! माझ्या तोंडून साधं 'चूक माझी होती' एवढंही निघालं नाही.

घरी येऊन फोटो पाहिले. सगळ्यात चांगला तोच आलाय. डिलीट करायला दोनदा बोट नेलं, दोन्ही वेळा मागे घेतलं.

उद्या तिला फोन करून खरं सांगायचं ठरवलंय. तुम्ही माझ्या जागी असतात, तर पहिलं वाक्य काय बोलला असतात?