अकरा कुंड्यांची खोली

ऋतुराज नोकरीसाठी पुण्याला गेला आणि महिन्याच्या आत त्याच्या खोलीत गव्हाची कोठी आली. मग पाहुण्यांच्या गाद्या आल्या. मग बद्रीनाथरावांनी कुठूनतरी एक लोखंडी रॅक आणली. तिच्यावर काय ठेवायचं हे ठरलेलं नव्हतं, पण ठेवायची कुठं हे ठरलेलं होतं. गारखेड्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये रिकामी खोली फार दिवस रिकामी राहत नाही. ऋतुराजची आई, द्वारकाबाई, हे सगळं बघत होत्या. त्यांचं वय छप्पन्न होतं आणि आजवर त्या एकदाही खोलीत एकट्या झोपलेल्या नव्हत्या.

कन्नड तालुक्यातल्या माहेरी त्या चार बहिणींच्या ओळीत तिसऱ्या झोपायच्या. तिसरा नंबर म्हणजे दोन्ही बाजूंनी लाथा. लग्न झाल्यावर गुलमंडीच्या मागं भाड्याची दीड खोली होती. अर्धीत सासूबाई, एकीत हे दोघं आणि मधे पडदा. पडदा ओढला की सासूबाईंना गुदमरायचं, म्हणून तो बहुतेक बाजूलाच असायचा. नवऱ्याचं नाव बद्रीनाथ आणि बायकोचं द्वारका, त्यामुळं लग्नाच्या पंगतीत लोक म्हणाले होते की दोन धामं एका घरात आली. प्रत्यक्षात ही दोन धामं देशाच्या दोन टोकांना आहेत, हे कुणी बोललं नाही. ऋतुराज झाला तेव्हा दवाखान्यात तरी चार दिवस एकटीला मिळतील असं द्वारकाबाईंना वाटलं होतं. तिथं एका खोलीत सहा खाटा निघाल्या. पुढं फ्लॅट झाला. एका बेडरूममध्ये मुलगा आणि त्याचा अभ्यास, दुसरीत बद्रीनाथराव आणि त्यांचं घोरणं.

झाडांची कल्पना बद्रीनाथरावांचीच, असं द्वारकाबाई सगळ्यांना सांगायच्या, आणि ते खोटं नव्हतं. वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ते सकाळी चहाबरोबर वीस-पंचवीस मेसेज पुढं ढकलायचे. त्यातल्या एकात लिहिलं होतं की झोपायच्या खोलीत झाडं ठेवा, हवा शुद्ध राहते, झोप शांत लागते. बद्रीनाथरावांनी तो वाचला नव्हता. द्वारकाबाईंनी दोनदा वाचला.

छप्पन्न वर्षांच्या बाईनं मला वेगळी खोली पाहिजे म्हटलं, तर आधी तिच्या नवऱ्याची चौकशी होते, मग तिची, आणि शेवटी पुण्याहून मुलाचा फोन येतो. तब्येतीचं तसं नसतं. तब्येतीला कुणी कारण विचारत नाही, फार तर आपली स्वतःची सांगतं.

"ऋतूच्या खोलीत झाडं ठेवते म्हणते," त्या म्हणाल्या. "मला जिना चढताना दम लागतो."

"ठेव की."

"आणि तिथंच झोपते. झाडं तिकडं आणि मी इकडं, तर हवा मला कशी लागणार?"

बद्रीनाथरावांनी यात चूक शोधून पाहिली. "आई म्हणायची, झाडं रात्री उलटा वायू सोडतात."

"स्नेक प्लांट नाही सोडत. तुमच्याच मेसेजमध्ये आहे."

त्यांनी मेसेज उघडला. तसंच होतं.

कोठी स्वयंपाकघरात गेली, गाद्या हॉलमधल्या दिवाणाखाली आणि रॅक गॅलरीत. सुरुवात दोन स्नेक प्लांटनी झाली. पण दोन कुंड्यांनी खोली भरलेली दिसत नाही. आषाढीच्या सुट्टीत आतेसासूबाई आल्या आणि मी पडते इथंच खाली म्हणाल्या, तेव्हा हे द्वारकाबाईंच्या लक्षात आलं. त्यानंतर त्यांनी एक गोधडी घडी करून खोलीभर फिरवून पाहिली. जिथं ती बसली तिथं कुंडी ठेवली. मनी प्लांट, रबर प्लांट, पीस लिली करत दिवाळीपर्यंत अकरा झाल्या. पलंग आणि पलंगापासून दारापर्यंत एका माणसाची वाट, एवढंच मोकळं उरलं. सकाळी उठल्यावर त्या दहा-पंधरा मिनिटं पलंगावर नुसत्या बसायच्या. बाहेरून हाक आली तर झाडांना पाणी घालतेय म्हणायच्या.

पाण्याचं मात्र तसं सोपं नव्हतं. नळाला पाणी आठव्या दिवशी, आणि झाडांना पिण्याचं पाणी घालायचं म्हटल्यावर बद्रीनाथरावांचा चेहरा बघवत नसे. म्हणून आरओ मशीनच्या नळीतून जे वाया जातं ते बादलीत धरून द्वारकाबाई कुंड्यांना घालायच्या. हे पाणी सोडून द्यायचं नाही, हा त्यांच्या इमारतीतल्या सगळ्या बायकांचा नियम होता. उन्हाळा सरता सरता पानांची टोकं तपकिरी झाली. पीस लिली तर बुडापासून आडवी पडली.

त्याच आठवड्यात धाकट्या दिराचा, पुंडलिकचा, गावाहून फोन आला. पोरीला शहरातल्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. रविवारी तिला घेऊन येतो. तीन वर्षांचा तर प्रश्न आहे, आणि ऋतूची खोली हायेच की. विचारल्यासारखं त्यात काही नव्हतं. आपल्याकडं अशा गोष्टी विचारत नाहीत, कळवतात. बद्रीनाथराव म्हणाले, "ये ये, घर तुझंच आहे."

शुक्रवारी द्वारकाबाई एक सुकलेलं पान पिशवीत घालून बीड बायपासच्या नर्सरीत गेल्या. नर्सरीवाल्या फारूखभाईंनी पान उलटंपालटं केलं.

"ताई, पानी कौनसा डालते?"

"आरओचं. वाया जातं ते."

"हौ. आधा शहर येइच करता. मशीन मीठा पानी तुमकू देता, खारा बाजू में फेकता. वो फेका हुआ तुम झाड को पिलाते."

"रविवारपर्यंत बाकीची तग धरतील का?"

"रविवार को क्या है?"

"पाहुणे. मला एक मोठं झाड द्या. खाली जागा जास्त घेणारं."

"कमरे में उजाला कितना?"

"उजेडाचं सोडा. शेजारी माणूस आडवं होता कामा नये, एवढं मोठं."

फारूखभाई वीस वर्षं झाडं विकत होते. वास्तूसाठी, साहेबांच्या केबिनसाठी, नवरदेवाच्या गाडीसाठी मागणारे त्यांनी पाहिले होते. हे माप नवीन होतं. त्यांनी काही न विचारता छातीएवढा अरेका पाम काढला. रिक्षात चढवताना मात्र म्हणाले, "एक बोलू ताई? हवा के वास्ते ले रहे तो खिडकी खोलो. दस-बारा कुंडी से कमरे की हवा को कुछ फरक नहीं पडता."

"मग तुमच्या पाटीवर ताजी हवा कशाला लिहिलंय?"

"पाटी गिऱ्हाईक के वास्ते है."

"बरं. कुणी आलं विचारायला तर पाटीच दाखवा."

पाम पीस लिलीच्या जागी बसला. कुंड्या पुन्हा अकरा झाल्या.

रविवारी पुंडलिक आला. एक ट्रंक, ज्वारीचं पोतं आणि त्यांच्या मागं अठरा वर्षांची प्रेरणा. पाणी पिऊन तो ट्रंक घेऊन थेट खोलीच्या दारात गेला आणि थांबला.

"वहिनी, ह्ये काय रान केलंय?"

"हवेसाठी, भावजी. मला दम लागतो ना."

"हवेसाठी?" पुंडलिकनं ट्रंक खाली ठेवली. "माझं पाच एकर हिरवंगार हाय. बांधावर कडुलिंबं हायेत, लई मोठी. तरी मला दमा हायेच. कुंडीनं काय व्हतंय?" बोलता बोलता त्यानं पाम उचललासुद्धा. शेतातला माणूस, त्याला सांगावं लागत नाही. पाम गॅलरीत गेला, मागोमाग दोन स्नेक प्लांट गेले, आणि फरशीवर एक गादी सहज बसेल एवढी जागा झाली.

"गॅलरीत ऊन आहे," द्वारकाबाई म्हणाल्या.

"झाडाला ऊन नाय लागत व्हय?"

"राहू दे गं," बद्रीनाथराव हॉलमधून म्हणाले. "पोरीच्या शिक्षणापुढं झाडांचं काय एवढं."

द्वारकाबाईंकडं डॉक्टरांचं नाव होतं, थायरॉइडच्या गोळ्या होत्या, मेसेज होता. पण ते सगळं हवेच्या बाजूचं होतं, आणि हवेची बाजू पामाबरोबर गॅलरीत जाऊन उभी होती. पुंडलिकनं रबर प्लांटला हात घातला.

"भावजी, ते ठेवा खाली."

"जड नाय, वहिनी."

"हवेचं खोटं आहे. झाडांनी काही होत नाही, मला माहितीय. मला ही खोली पाहिजे."

बद्रीनाथराव उठून दारात आले. "कशाला?" त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"झोपायला."

"मग आपल्या खोलीत जागा नाही का?"

"आहे. पण तिथं तुम्ही असता."

पुंडलिक कुंडी दोन्ही हातांत धरून उभा होता. ती आत ठेवायची का बाहेर, हे आता दादाच्या उत्तरावर होतं. दादा पंख्याकडं बघत होते.

"भांडण झालंय काय तुमचं?" त्यानं हळू विचारलं.

"नाही," दोघंही म्हणाले.

"मग बरं नाय दिसत, वहिनी. लोकं काय म्हणतील?"

"लोकांना मी झोपायला बोलावलेलं नाही."

इतका वेळ ट्रंकेशेजारी उभी असलेली प्रेरणा म्हणाली, "मोठी आई, मी हॉलमध्ये झोपते. मला चालतं. घरी आम्ही सगळी ओळीनंच झोपतो."

"तुला चालतं, पण तुझ्या अभ्यासाला चालणार नाही. तुला दार पाहिजे." द्वारकाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. "ही तुमच्या खोलीत राहील. तुम्ही हॉलमध्ये."

"मी?"

"दुपारपासून तिथंच असता. टीव्ही तिथं, पेपर तिथं, दिवाण तिथं. आत फक्त घोरायला जाता, ते बाहेरही होईल."

बद्रीनाथरावांनी बराच विचार केला. "आणि कूलर?"

"हॉलच्या खिडकीला बसतो. मी माप घेतलंय."

"कधी?"

"मागच्या उन्हाळ्यात."

"म्हणजे माझं सगळं ठरवून झालंय. मला निदान विचारायचं तरी."

"आता विचारते. जाता का?"

त्यांनी आत जाऊन उशी आणली, दिवाणावर ठेवली, आडवं होऊन दोन्ही कुशींवर वळून पाहिलं. मग पाय लांब केले तर ते भिंतीला टेकतात का, हेही पाहिलं. टेकत नव्हते. "पोरीसाठी जातोय," ते पुंडलिकला म्हणाले. जेवताना ते बायकोशी काही बोलले नाहीत. भाकरी वाढ म्हणाले, पण तेही प्रेरणाला.

जाण्यापूर्वी पुंडलिकनं गॅलरीतल्या कुंड्या न सांगता परत आत आणल्या. त्यानं सगळ्याच कुंड्या हलवून भिंतीकडंनं एका रांगेत, सारख्या अंतरावर लावल्या, कपाशी लावतात तशा. आता खोलीत मधोमध दोन गाद्या बसल्या असत्या. द्वारकाबाईंनी ते पाहिलं आणि कुंड्या तशाच राहू दिल्या. वहिनींनी दिलेला चिवडा पिशवीत घालून पुंडलिक संध्याकाळच्या एसटीनं गेला. जाताना लेकीला एवढंच म्हणाला, "मोठ्या आईला तरास दिऊ नको."

दिवेलागणीला द्वारकाबाई खोलीचं दार लावून पलंगावर बसल्या होत्या. दार वाजलं.

"अहो, बघा कोण आलंय," त्यांनी आतूनच सांगितलं.

बद्रीनाथराव दिवाणावरून उठले, बाहेरचं दार उघडलं, जिन्यात वाकून पाहिलं. "कुणी नाही," ते म्हणाले. ओढून धरलेला अबोला एवढ्यानं मोडला.

दार पुन्हा वाजलं.

"मोठी आई, मीच आहे," दारापलीकडून प्रेरणा म्हणाली. "येऊ का आत?"

या घरात, त्याआधीच्या घरात, माहेरी, कुणी कधी द्वारकाबाईंना असं विचारलेलं नव्हतं, त्यामुळं काय म्हणायचं असतं ते त्यांना पटकन सुचेना. मुलगी बाहेर थांबून राहिली. द्वारकाबाईंनी तिला आणखी थोडा वेळ थांबू दिलं, आणि मग ये म्हणाल्या.