आरामाला लावलेला गडी

राणीसावरगावच्या दत्तरावांना दुनियेतलं एकच काम जमत नाही, ते म्हणजे काम न करणं. साठी ओलांडली, पण मेंढरांमागं फिरणं सुटलं नाही. जेवायलाही ते उकिडवेच बसतात. मांडी घातली की उठायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात मेंढरू दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरतं. लग्नाला गेले तर मंगलाष्टकं चालू असताना वऱ्हाडाची मुंडकी मोजत बसतात.

अशा माणसाचा गुडघा सुजला. पालमचे डॉक्टर म्हणाले, बाजेवरून उठायचं नाही. दत्तरावांनी विचारलं, बाज माळावर नेली तर चालेल का? त्यांच्या बायकोनं, कासाबाईंनी, दवाखान्यातच निकाल दिला.

"डॉक्टर बरा म्हणस्तोर बाजंवरून हालले, तर समदी मेंढरं बाजारात इकून टाकीन."

कासाबाई बोलल्या की करतात. मागं एकदा दत्तरावांच्या बिड्या अशाच बोलून बंडलासकट चुलीत गेल्या होत्या.

मेंढरं चुलतभावाच्या कळपात गेली. कासाबाई रोजानं खुरपायला जाणार, म्हणून समोरच्या घरातल्या धुरपताबाईंना त्यांच्याच ओट्यावर पहाऱ्याला बसवलं. दत्तरावांनी झोपल्या झोपल्या खालची बाज उसवली आणि पुन्हा विणली. मग आढ्याची लाकडं मोजली, उलटीकडून मोजली आणि घामाघूम झाले. तेव्हा त्यांना रंगनाथ आठवला.

रंगनाथ हा धुरपताबाईंचाच चाळिशीचा मुलगा. एसटीच्या थांब्यावरचा बाक कुठं संपतो आणि रंगनाथ कुठं सुरू होतो, हे गावाला सांगता येत नाही. त्याला दत्तरावांनी रोजानं लावलं. काम एवढंच, की दिवसभर त्यांची घोंगडी पांघरून बाजेवर आराम करायचा. हिशेब सरळ होता. खुरपायला गडी मिळतो, नवस फेडायला पोराला धाडता येतं, मग आरामालाच गडी का लावू नये?

कासाबाई शेताकडं गेल्या की रंगनाथ मागच्या दारानं आत यायचा आणि दत्तराव त्याच दारानं लंगडत माळाकडं जायचे. दिवस कलायच्या आत पुन्हा अदलाबदल. धुरपताबाई संध्याकाळी कौतुकानं सांगायच्या, माणूस कुशीवरसुद्धा वळला नाही.

रंगनाथ मात्र खंगला. वर्षानुवर्षं फुकट लोळलेला गडी, पण रोज ठरला तशी त्याची पाठ धरली. थांब्यावर मनाला येईल तेव्हा पडायचा. इथं वेळेवर पडावं लागे. आठवडा व्हायच्या आत त्यानं सुट्टी मागितली.

"सुट्टीत काय करणार?" दत्तरावांनी विचारलं.

"पडून ऱ्हाणार, मामा. जरा निवांत."

सुट्टी नामंजूर झाली. त्याच दुपारी घोंगडीबाहेर आलेले पाय धुरपताबाईंनी ओळखले. आईच ती. पोराला उठवून त्यांनी सगळं वदवून घेतलं, आणि रागवायचं सोडून गल्लीभर साखर वाटली. शेतातून आलेल्या कासाबाईंच्या हातावरही चिमूट पडली.

"कशाची वो ही?"

"रंगनाथ कामाला लागला. तुमच्याच घरी हाय. लय कष्टाचं काम हाय म्हणतो."

कासाबाईंनी साखर तोंडात टाकली आणि चूल पेटवायला घेतली. मेंढरं गेली, असं दत्तरावांनी धरूनच ठेवलं. पण सकाळी कासाबाईंनी रंगनाथचा दंड धरला आणि त्याला पालमच्या एसटीत नेऊन बसवलं. मी येऊ का, असं दत्तरावांनी भीतभीत विचारलं.

"तुमी कशाला? ज्यानं आराम केला, त्येलाच दावावं लागंल."

डॉक्टर दिवसाकाठी इतके गुडघे बघतात, की गुडघ्यांच्या वरची माणसं त्यांच्या ध्यानात राहत नाहीत. त्यांनी रंगनाथचा गुडघा वाकवला, ठोकला आणि जाहीर केलं, की इतका मनापासून आराम करणारा पेशंट आजवर पाहिला नाही. गुडघा अगदी ठणठणीत.

दोघं गावात परतले, तेव्हा दत्तराव घराच्या दारात एका पायावर उभे होते.

"बरा झालाय म्हणले डॉक्टर," कासाबाई म्हणाल्या. "मेंढरं ठिवा. पर आता लंगडायचं काम न्हाई."

"दुखायलाय की अजून."

"डॉक्टरपेक्षा जास्त कळतंय का तुमाला?"

दत्तरावांनी एकदा मेंढरांच्या रिकाम्या वाड्याकडं पाहिलं आणि पाय सरळ टाकला. चुलतभावाकडून मेंढरं परत आली, तेव्हापासून दारापासून गल्लीच्या टोकाच्या कडुलिंबापर्यंत ते नवरदेवासारखे ताठ चालतात. लिंब मागं पडला, कासाबाई दिसेनाशा झाल्या, की मेंढरांच्या मधोमध शिरतात आणि मनसोक्त लंगडून घेतात.