दसऱ्याच्या रंगाची टाकी

बाभुळगावच्या फाट्यावर हवा-पंक्चरची दुकानं तीन, पण चकाकी एकट्या सत्यभामाच्या मशीनला. दर दसऱ्याला ती कंप्रेसरच्या टाकीला लालभडक ऑइलपेंट द्यायची. आधीचा थर मात्र खरवडू द्यायची नाही, कारण तळाचा रंग नवऱ्याच्या हातचा होता. विठ्ठलराव तापानं गेले तेव्हा उर्वशी पाळण्यात होती. बाई काय हवा भरणार, म्हणून लोक हसले. सत्यभामानं हसणाऱ्यांच्याच ट्रॉल्यांची चाकं भरून दाखवली.

मशीनचं दुखणं तिला आवाजावरून कळे. किरकिर आली की बेल्ट ढिला. टाकी भरायला वेळ लागला की हवा ओढायची जाळी धुळीनं बुजलेली. हवा कुठून पळते ते पाहायचं तर साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा आला तिथं चोर सापडला. एवढं सगळं येत असून बाईचं घोडं एकाच जागी पेंड खायचं. हवेतला ओलावा टाकीत साचतो, म्हणून बुडाचा नळ रोज उघडून पाणी सोडायचं असतं. त्या नळावर रंगाचे थर बसले होते. तो फिरवला तर रंग तडकला असता, म्हणून तिनं तो कधी फिरवलाच नाही.

त्यात ती वर्षं कापसाच्या वाटोळ्याची. भाव नाही म्हणून माल घरात, आणि माल घरात म्हणून रस्त्यावर ट्रॉल्या नाहीत. मशीन दिवसदिवस उभं राही आणि आतलं पाणी आतच राही.

हिवाळ्यात मशीन चाललं की टाकी कोमट होई. उर्वशी तिच्या पोटाला पाठ टेकून, पोत्यावर मांडी घालून अभ्यास करी. शेकही मिळे आणि आईही समोर दिसे. उठली की तिच्या फ्रॉकच्या पाठीवर लालसर डाग असायचा. रंग अजून ओला दिसतो, असं म्हणत सत्यभामा तो धुऊन टाकायची.

एकदा रामधन मिस्त्री बेल्ट बदलायला आला. जाता जाता त्यानं टाकीवर पान्हा वाजवला. वरून ठणठण आवाज आला, खालून बद्द.

"वैनी, बुड वाजून नाही राह्यलं. आतून खाल्लं दिसते. रंग काढून पाहू द्या."

"काहून? यांच्या हातचा रंग हाय तो. तुम्ही बेल्टाचं पहा, भाऊ."

"मंग पोरीले तरी तिथं नका बसवू."

"तुमाले तं सगळीकडं भूतच दिसते!" सत्यभामा हसली. रामधन हसला नाही. पिशवी उचलून तो निघून गेला.

टाकीच्या माथ्यावर एक पितळी वाल होता. हवा प्रमाणाबाहेर गेली की तो आपसूक उघडतो आणि जादाची हवा सोडून देतो. अलीकडे तो सारखा फुसफुसत होता. पुढच्या दसऱ्याला रंग देताना सत्यभामानं ब्रश त्याच्यावरूनही फिरवला. झेंडूचा हार चढला, नारळ फुटला आणि वाल गप्प झाला. आपोआपच नीट झाला म्हणून तिला हायसं वाटलं.

त्या साली कापसाची खरेदी उशिरा सुरू झाली आणि एकच झुंबड उडाली. फाट्यापासून जिनिंगपर्यंत गाड्यांची रांग लागली. ओझ्यानं बसलेली चाकं भरता भरता सत्यभामाला पाठ टेकायला फुरसत नव्हती. सकाळच्या उन्हात जरा उसंत मिळाली तशी ती चहा घेऊन बसली.

गिऱ्हाईक नव्हतं, तरी मोटर चालूच होती.

टाकी भरली की मोटर आपली आपण बंद व्हायला हवी. सत्यभामानं टाकीवरच्या दाबाच्या काट्याकडे पाहिलं. काटा लाल रेघ ओलांडून गेला होता आणि अजून सरकत होता. वाल गप्प होता. उर्वशी टाकीला टेकून पाढे म्हणत होती.

"उर्वशे, ऊठ!"

"एवढा पाढा होऊ दे ना, माय."

सत्यभामानं तिला दंडाला धरून फरफटत रस्त्यापलीकडे नेलं, गाडीवाल्यांना ओरडून मागं हटवलं आणि ती एकटी परत आली. टाकीतून बारीक कुरकुर ऐकू येत होती. भिंतीवरचं बटण बंद करताच मोटर थांबली, पण कोंडलेली हवा आतच होती. तिनं नळीचं तोंड उघडलं आणि डोळे मिटून दाबून धरलं. आधी हवा सुटली, मग हवेबरोबर तांबडं पाणी. काटा खाली बसला तेव्हा तिची बोटं सुटता सुटेनात.

निरोप मिळताच रामधन धावत आला. त्यानं आधी वाल पाहिला.

"हा रंगानं चिकटला, वैनी. बिघाड याच्यात नव्हता, मोटर आपोआप बंद करते त्या बटणात होता. जादा हवा होऊन राह्यली, हेच तं हा बिचारा सांगून राह्यला होता."

मग त्यानं टाकीच्या पोटाला पेचकस टेकवून नुसता दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. भोकातून तांबड्या पाण्याची धार लागली. तिथलं लोखंड कागदाएवढं उरलं होतं, बाकी सगळा दसऱ्यांचा रंग. रस्त्यापलीकडच्या दुकानात दुसरं मशीन धडधडत होतं. त्याच्याही लाल टाकीवर झेंडूचा हार सुकलेला होता.

उर्वशी हळूच जवळ आली आणि तिनं भोकाकडे बोट केलं. "माय, मी तं इथंच टेकतो ना?"

सत्यभामानं तिला ओढून पोटाशी धरलं आणि ती हमसून हमसून रडू लागली. रडताना तिचा हात पोरीच्या पाठीवरून फिरत होता. फ्रॉक ओला लागला. तिनं तळहात वळवून पाहिला. दसऱ्याचा रंग कधीच वाळला होता आणि तिच्या हाताला गंज लागला होता.