सामानाच्या पट्ट्यावर माझी सावड

सांगते, पण आधी तोंडातला चहा गिळून घ्या. मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या जाऊबाईंनी अख्खा घोट माझ्या लुगड्यावर उडवला होता.

विमानतळाचं कामकाज बंद पाडायला माणसं किती लागतात? शंभर? दोनशे? अहो, मी एकटीनं पाडलं! बरं, अख्खं नाही, सामानाचा एक पट्टा. पण पाडलं ते पाडलं.

झालं असं. माझी नात स्वाती पनवेलपलीकडच्या त्या नव्या विमानतळावर कामाला लागली. विमानातून सामान उतरून लोकांच्या हाती येतं, त्या खात्यात. पण नोकरी कच्ची. सहा महिने काम बघणार, मग ठेवायची की घरी पाठवायची ते साहेब ठरवणार. त्या सहा महिन्यांचे शेवटचे चार दिवस उरले होते, आणि नेमकं तेव्हाच धाकट्या लेकानं मला हैदराबादहून विमानात बसवून दिलं.

स्वातीनं फोनवर बजावलं, "आजी, उतरलीस की लोकांच्या मागं मागं ये. पट्ट्याजवळ गप उभी रहा. मी ड्यूटीवर असेन. मला हाक मारू नको, ओळख दाखवू नको."

"का गं? आजीची लाज वाटती?"

"लाज नाय गं! साहेब कडक हाय. कामावर घरच्यांशी बोललेलं त्याला खपत नाय. चार दिवस राहिलेत माझे, समजून घे."

"बरं बाई. नाय ओळखत मी तुला. कोण तू?"

इथवर सगळं ठीक होतं बघा.

आता ती जागा. तुम्हाला ती विमानतळ म्हणून ठाऊक, मला बहिणीचं सासर म्हणून. थोरल्या बहिणीला तिथंच दिली होती. खाडीकाठी गाव, पाठीशी टेकडी, पुढं भाताची खाचरं. विमानतळ येणार, येणार म्हणता म्हणता आमच्या पोरांची लग्नं झाली, नातवंडं शाळेत गेली, तरी विमानाचा पत्ता नाही. मग एकदाचं काम निघालं. सुरुंग लावून टेकडी फोडली, नदीला दुसरीकडून वाट काढून दिली, चिखलात भराव टाकला आणि गाव उचलून पलीकडं नेऊन ठेवलं. बहिणीला नवं घर मिळालं. त्यात ती दोन वर्षं राहिली आणि गेली. असो.

विमान खाली यायला लागलं तसं मी शेजारच्या टायवाल्याला म्हटलं, "आलं बघा माझ्या बहिणीचं खळं."

तो म्हणाला, "आजी, रनवे आहे तो."

"आता रनवे हाय. आदी खळं होतं."

त्यानं कानात बोंडं घालून घेतली.

उतरले. लोकांच्या मागं मागं पट्ट्याशी आले. तुम्ही पाहिलाय का तो पट्टा? भिंतीला एक भोक, त्यातून रबराचा काळा पट्टा निघतो, चांगला लांबलचक वळसा घेतो आणि परत भिंतीत शिरतो. मी नेमकी भोकाच्या तोंडाशीच उभी राहिले. बाकीची माणसं पार पलीकडच्या टोकाला, मोबाईलमध्ये डोकं घालून. आणि त्या गर्दीपल्याड स्वाती, निळ्या कपड्यांत, हातात बोलायचं यंत्र. एकटी!

तेवढ्यात बॅगा यायला लागल्या. एक, दोन, दहा. कोणी हलेल तर शपथ!

माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. ही पोर संध्याकाळी फोनवर कण्हते, "आजी, दहा-दहा विमानांचं सामान असतं गं, कंबर मोडती." अगं बाई, हे सगळं हिलाच उतरवायचं असणार! आणि एवढी धडधाकट माणसं नुसती बघत उभी?

आमच्यात असं नाही. याच जागेवर, बहिणीच्या खळ्यावर भाताचे भारे यायला लागले की तिथं असेल त्यानं हात लावायचा. पाहुणा असो, जावई असो. त्याला सावड म्हणतात. आज मी तुझ्याकडं, उद्या तू माझ्याकडं. भारा समोरून चाललाय आणि माणूस हाताची घडी घालून उभा, अशानं सोयरीक मोडायची हो!

मी पदर खोचला आणि पहिली बॅग ओढली.

एवढ्यात दोन तरणे गडी माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. एकजण धावला. "आजी, थांबा. ही तुमची का?"

"उतरव."

"आणि ही निळी?"

"ती बी उतरव."

"किती सामान आहे तुमचं?"

"आरं, समदं आपलंच समज आणि हात चालव!"

पोरं गुणाची. मी बोट दाखवायचं, त्यांनी ओढायचं. कोणाच्या पायात यायला नको म्हणून मी जाड खांबाच्या मागं उडवी रचली, जशी भाताची रचतात तशी. जड माल तळाला, हलका वर, मुठी सगळ्या बाहेरच्या अंगाला. दोघांना त्यांच्या बॅगा मिळाल्या तसे ते पाया पडून गेले. जाताना एकजण दुसऱ्याला म्हणाला, "अख्खं घर घेऊन आलीय रे म्हातारी."

इकडं मी घाम पुसते, तिकडं गलका! पलीकडच्या टोकाला नुसताच रिकामा पट्टा फिरतोय.

"अहो, सामान कुठंय आमचं?"

"अर्धा तास झाला!"

स्वाती यंत्रात ओरडतेय. यंत्रातून उत्तर, "सगळं पाठवलं, गाडी रिकामी आहे." पट्टा थांबवला. साहेब आला. कडक इस्त्री, कडक मिशी.

"पाठवलं तर गेलं कुठं? बॅगांना पाय फुटले? स्वाती, नोकरी पक्की करायचीय ना तुला?"

पोरीचा चेहरा उतरला. मला राहवेना. खांबामागून ओरडले, "साहेब, तिला बोलू नका! तिचं समदं काम झालंय!"

झालं. सगळी वरात खांबामागं. उडवी माझ्या डोक्याइतकी उंच.

"हे कुणी केलं?"

"मी."

"का?"

"सावड म्हणून."

"कुणाच्या सांगण्यावरून? इथं कुणी ओळखीचं आहे तुमच्या?"

मी स्वातीकडं बघितलं आणि तिच्या डोक्यावरून पलीकडं नजर नेली. "नाय बा. या पोरीला तर मी जन्मात पाहिलं नाय."

स्वातीनं डोळे मिटून घेतले.

लोकांनी आपापलं सामान ओढलं. एक बाई तर म्हणाली, इतकी पटकन बॅग कधी सापडली नव्हती. शेवटी जमिनीवर एक लाल बॅग उरली. कोणी घेईना. साहेब गंभीर. "बेवारस. पोलिसांना कळवावं लागेल." त्यानं वाकून तिची चिठ्ठी वाचली. "सुंदराबाई ठोंबरे."

अगं बया! दुनियेच्या बॅगा उतरवल्या आणि आपली कोणती ते बघायचंच राहिलं!

साहेबानं चिठ्ठी बघितली, मग स्वातीच्या छातीवरचं नाव बघितलं. "ठोंबरे?"

"साहेब, आमच्याकडं ठोंबरे लय," मी म्हटलं. "दगड मारला तर ठोंबऱ्यालाच लागंल."

त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. "स्वाती, कोण आहेत या?"

मी डोळ्यांनी खुणावतेय, नाही म्हण, नाही म्हण! पोरगी सरळ उभी राहिली. डोळ्यांत पाणी, पण आवाज खणखणीत. "माझी आजी आहे, सर. तिला ओळख दाखवू नको असं मीच सांगितलं होतं."

गेली नोकरी! मी घाईघाईनं मध्ये पडले. "साहेब, ऐका. ही माझी नात हाय, पण मी हिची आजी नाय!"

गर्दीतला तो विमानातला टायवाला फिस्सकन हसला. साहेबाची मिशी थरथरली.

"स्वाती," तो म्हणाला, "तू आत्ता नाही म्हणाली असतीस, तर उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं असतं. खरं बोललीस, ते मी लिहून ठेवतो." मग माझ्याकडं वळला. "आणि आजी, तुम्ही सारखं खोटं बोलताय, ते मात्र मी लिहीत नाही."

चार दिवसांनी नोकरी पक्की झाली. स्वाती पेढे घेऊन आली, घरभर वाटले, मला सगळ्यात शेवटी दिला.

"आजी, पट्ट्याजवळ आता मोठी पाटी लावलीय. साहेबांनी लावून घेतली. तुझ्यामुळं."

"काय लिवलंय गं?"

"'प्रवाशांनी फक्त आपलेच सामान उचलावे.' मराठी, हिंदी, इंग्रजी, तीन-तीन भाषांत."

"तीन कशाला गं?"

"तुला परत तसं करता येऊ नये म्हणून!"

आता तिला काय बोलणार! एवढा खर्च केला बिचाऱ्यांनी, तिन्ही भाषांत रंगवली, आणि जिच्यासाठी लावली तिला त्यातली एकही वाचता येत नाही.