आयुधपूजेची झाडलोट

क्लाउड विकणारे सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात: तुमच्याकडे डेटा किती आहे? तीन महिने मी तो प्रश्न टोलवत होते. "बघून सांगते", "सुनेला विचारते", "आज कॉम्प्युटर बंद आहे". वैताग आला होता नुसता. तीन कंपन्यांची कोटेशन्स गल्ल्यापाशी पडून, त्यांवर चहाचे डाग. आणि महादेवपुऱ्याहून सून दर रविवारी येऊन विचारायची, "आई, फायनल केलं का? एवढं काय कॉम्प्लिकेटेड आहे त्यात?"

कॉम्प्लिकेटेड काही नव्हतं गं बाई. मला तोंड उघडता येत नव्हतं, एवढंच.

आमचं चिकपेटेच्या कानडी बाजारात ब्लाउजवरच्या भरतकामाचं दुकान. डिझाइनं सगळी ह्यांच्या हातची. बटर पेपरवर पेन्सिलीनं वेल काढायची, रेघेरेघेवर सुईनं भोकं पाडायची, तो खाका कापडावर ठेवून वरून रॉकेलात कालवलेली पावडर फासायची, की नक्षी खाली उतरते. आयुष्यभर हेच केलं. मग ह्यांच्या हाताला कंप सुटला. आता चहाचा कप दोन हातांनी धरतात, पेन्सिलीचं तर नावच नको. म्हणून सुनेनं सुट्ट्या घालवून एकेक खाका स्कॅन केला आणि दुकानातला कॉम्प्युटर फुकटच्या क्लाउडला जोडून दिला. "आता बाबांचं काम कुठे जात नाही," म्हणाली. ते ऐकून मी रॉकेलच्या वासाचे, झुरळांनी कुरतडलेले ते गठ्ठे रद्दीत घातले. ह्यांना विचारून घातले हो! "आत गेलंय ना सगळं, मग दे," म्हणाले होते.

मग आली गेल्या वर्षीची आयुधपूजा. आम्ही घरात खंडेनवमी म्हणतो, पण बाजारात सगळे आयुधपूजाच म्हणणार. आदल्या दिवशी दुकान धुऊन काढायचं, मशीनं पुसून तेल घालायचं, कात्र्या घासायच्या. कॉम्प्युटरचीही पूजा असते, म्हणून तोही पुसायला घेतला, तर पडद्यावर लाल अक्षरांत तेच: जागा भरली. कितीतरी दिवस येत होतं ते. म्हटलं, दुकान सगळं लख्ख आणि ह्याच्या पोटात मात्र अडगळ? 'ओल्ड' नावाचं एक फोल्डर दिसलं. जुनी बिलं, जुनी पत्रकं असतील. हल्ली गिऱ्हाइकं मोबाइलमधला फोटो दाखवून "असंच करा" म्हणतात, त्यामुळे जुन्या डिझाइनांच्या वाटेला कोणी गेलंच नव्हतं. तरी एकदा उघडून बघायला काय झालं होतं मला! पण सकाळपासून वाकून वाकून कंबर मोडली होती. दिलं उडवून. वर कॉम्प्युटरातली कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली, कारण सणाच्या दिवशी केर साठवून ठेवायचा नसतो. दुसऱ्या दिवशी त्याच कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, दारात कोहळा फोडला.

संक्रांत झाली आणि एक मुलगी आली. तिचं लग्न ठरलं होतं. आईच्या लग्नातल्या ब्लाउजवर आमच्याकडचीच हंसांची वेल होती, तिला तीच हवी होती. "आईचा ब्लाउज आणलाय, दाखवू?" म्हणत तिनं पिशवीत हात घातला. मी तोऱ्यात म्हटलं, "अगं, आमचंच काम ते, आम्हाला काय दाखवतेस? परवा ये."

ती गेल्यावर शोधायला बसले. डिझाइनं कुठेच सापडेनात, तेव्हा अर्ध्या तासानं लक्षात आलं, त्या 'ओल्ड'मध्ये काय होतं ते. सुनेला फोन केला, उगीच विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, इथलं काही चुकून पुसलं तर क्लाउडवर असतं ना?"

"नाही हो आई, ते सिंक आहे, बॅकअप नव्हे. इथलं डिलीट केलं की तिथलंही जातं. महिनाभर ट्रॅशमध्ये असतं, मग संपलं. का हो?"

"सहज," म्हटलं आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी आली तेव्हा हे कोपऱ्यात स्टुलावर पेपर वाचत होते. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "ते डिझाइन आता बंद झालं." ती हिरमुसून निघून गेली. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

त्याच रविवारपासून सुनेनं खरा, पैसे भरून घ्यायचा बॅकअप डोक्यात घेतला. माझ्या फोनवरून धसकली असावी. "बाबांची डिझाइन्स आहेत, मोठाच प्लॅन घ्या," म्हणायची. मी मान डोलवायची. स्वतःचीच इतकी चीड यायची, पण चिडायलाही अंगात बळ लागतं.

परवा एक विक्रेता जे. पी. नगरहून थेट दुकानातच आला. टेबलावर कागद पसरले, पेन उघडलं आणि अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत तोच प्रश्न विचारला. "अक्का, डेटा एष्टु इदे? स्वल्प अंदाज सांगा."

हे समोरच होते. दमले होते मी. म्हटलं, "स्वल्पच आहे. सगळ्यात लहान प्लॅन पुरे."

"लहान?" हे म्हणाले.

मग सांगितलं सगळं, त्या परक्या माणसासमोर, डोळ्यांना पदर लावून. त्याला मराठी कितपत कळत होतं कोण जाणे, पण तो बिचारा खाली बघत राहिला.

"मला ठाऊक होतं," हे म्हणाले. "आपल्याकडे डिझाइन कधी बंद होत असतं का?"

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो." मग एकदम चेहरा उजळला त्यांचा. "अगं, ती मुलगी आईचा ब्लाउज घेऊन आली होती, तूच म्हणाली होतीस की! त्याचा फोटो तरी काढून ठेवला असशील. तेवढी हंसांची वेल तरी राहिली."

"पिशवीतनं बाहेरसुद्धा काढू दिला नाही मी."

त्यांनी मांडीवरचे हात एकमेकांत धरले, तरी ते हलतच होते.

"सरी, ठीक आहे," हे त्या माणसाला म्हणाले. "लहानच द्या."