पाठमोऱ्या बाई

त्या आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा तोंडाआधी त्यांची पाठ दिसली. मी दार उघडलं, आमची जिलबी नेहमीप्रमाणे माझ्या पायांमधून उसळून बाहेर झेपावली, आणि दारातल्या बाईंनी गर्रकन वळून रस्त्याकडे तोंड केलं. जिलबीने त्यांच्या पाठीवर दोन्ही पंजे टेकले, भुंकून घेतलं, साडीचा पदर हुंगला. बाई समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे बघत स्वस्थ उभ्या. मी "आत या, आत या" करत होते. त्या न वळताच म्हणाल्या, "घाई नाही. तिचं होऊ द्या आधी." शेवटी जिलबीलाच त्या पाठीचा कंटाळा आला आणि ती पायरीवर बसली. तेव्हा कुठे बाई वळल्या, हसल्या आणि चपला काढून आत आल्या.

त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचं नाव पाठमोऱ्या बाई पडलं. आमचं शहर हिंदी मुलखातलं. कांचघर वस्तीतल्या आमच्या गल्लीत त्यांना 'उल्टी मैडम' म्हणत, आणि त्याचा दुसरा, ओकारीचा अर्थ माहीत असूनही बाई हाकेला ओ देत. आयुष्यभर त्यांनी मुलींच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर पुण्याला जाऊन कुत्र्यांच्या वागणुकीचा रीतसर अभ्यास करून आल्या. मुली आणि कुत्री यांत फरक काय, असं कोणी खवचटपणे विचारलं तर सांगत, "कुत्री प्रश्नपत्रिका फुटली का म्हणून विचारत नाहीत." त्यांचं घराणं मराठेशाहीच्या चाकरीत इकडे आलेलं, त्यामुळे त्यांची मराठी जुनी, घडी न मोडलेली. आमचं मूळ वर्ध्याकडचं. आमच्या घरात 'काहून' आणि 'करून राहिलो' यांचा सडा. आमच्या बोलण्यावर त्या कधी हसल्या नाहीत, पण माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, "कुत्री लय बदमाशी करून राहिली जी" म्हटलं की त्यांचे डोळे लकाकत.

जिलबी काही जातिवंत नव्हती. मुलीने, मुग्धाने, शाळेतून येताना तिला पिल्लू असताना उचलून आणलं होतं. रंग बडा फुहाऱ्याच्या चौकात मिळणाऱ्या खव्याच्या जिलबीसारखा काळपट तपकिरी आणि शेपटीला दीड वेढा, म्हणून बाबांनी ते नाव ठेवलं. वर्षभरात ती अशी वाढली की घंटा वाजली की आमच्याआधी दारात आणि दार उघडलं की पाहुण्याच्या छातीवर. दूधवाला पातेलं फाटकावर टांगून पळायचा. एकदा बाबाच दार उघडायला गेले, जिलबी मागून धावत आली आणि बाबा पायरीवरून खाली. मनगट मोडलं.

प्लास्टर घालून आलेल्या दिवशी माझ्या नवऱ्याने, सुधीरने, निकाल दिला. मझौली गावी त्याचा चुलतभाऊ प्रभाकर शेती करतो. महालक्ष्म्यांना तो जीप घेऊन येईल तेव्हा कुत्री त्याच्याबरोबर जाईल. मुग्धा रडली. बाबांनी गळ्यात अडकवलेला हात सावरत सांगितलं, "मी पडलो. तिनं नाही पाडलं." सुधीर ऐकेना. म्हाताऱ्या बापाचं हाड पुन्हा मोडलं तर जबाबदार कोण, हा त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. जनावरांच्या डॉक्टरांनी बाईंचं नाव सुचवलं ते या सगळ्यात. सुधीर म्हणाला, महालक्ष्म्यांपर्यंत काय करायचं ते करा.

पहिल्या दिवशी बाईंनी जिलबीकडे पाहिलंच नाही. चहाचा कप हातात धरून त्या आम्हाला बघत बसल्या. घंटा वाजली. बाबा ओरडले, "जिलबे, इकडं ये!" सुधीर ओरडला, "जलेबी, नीचे!" मुग्धा किंचाळली, "जेली, नो!" मी स्वयंपाकघरातून कोणाला तरी उद्देशून काहीतरी ओरडले. जिलबी चारही दिशांना एकेकदा बघून दारावर झेपावली. बाईंनी कप खाली ठेवला. "कुत्री हुशार आहे," त्या म्हणाल्या. "तिला वाटतं, घंटा वाजली की या घरात सगळ्यांनी ओरडायचं असतं. ती तुमच्यात सामील होते, इतकंच."

मग त्यांनी एक नाव आणि एक भाषा ठरवायला सांगितलं. यावरून आमच्या घरात जितका वाद झाला तितका मुग्धाच्या शाळेवरूनही झाला नव्हता. सुधीरचं म्हणणं, गाव हिंदी, गल्ली हिंदी, तर कुत्रीने हिंदीच शिकावी. बाबांनी प्लास्टरचा हात टेबलावर आपटला आणि कळ दाबत सांगितलं की या घरातलं निदान एक लेकरू तरी मराठी बोलणारं निघू दे. मुग्धाने खांदे उडवले. "मैं समझती तो हूँ ना, आजोबा." बाईंनी मत मराठीला दिलं, पण कारण वेगळंच दिलं. हिंदी ती दिवसभर ऐकते, कानाआड करायला शिकली आहे. मराठी तुम्ही कमी बोलता, तर तिला ती विशेष वाटेल.

अशी जिलबीची मराठी सुरू झाली: बस, थांब, सोड, जागेवर. 'जागेवर' म्हणजे कोपऱ्यातली घडी केलेली जुनी सतरंजी. बक्षीस म्हणून फुटाणे, आणि त्यातले निम्मे बाबा खात. बाईंचा नियम एकच होता, चुकलं तर रागवायचं नाही, बरोबर वागताना पकडायचं. हा नियम त्या सगळ्यांना लावत. एकदा जिलबीने सुधीरचा ऑफिसचा बूट आणून त्याच्यासमोर ठेवला, अर्धा. सुधीरचा चेहरा लाल झाला, त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "सोड." बाईंनी गंभीरपणे त्याच्या तळहातावर एक फुटाणा ठेवला. त्याने तो खाल्ला. खाऊन झाल्यावर त्याला कळलं.

अडचण आली ती 'बस'ची. आमच्या घरात दिवसातून कितीदा तरी हिंदीतलं 'बस' उच्चारलं जातं. पोळी वाढताना सुधीर "बस, बस" म्हणायचा आणि टेबलाखाली जिलबी धप्पकन बसायची. मी फोनवर "बस, पहुँच ही रहे हैं" म्हटलं की ती बसायची. एकदा शेजारच्या घरात नवराबायकोचं भांडण चाललं होतं, तिकडून "बस करो अब!" ऐकू आलं आणि आमच्या अंगणात जिलबी बसली. शब्द बदलू या का, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "राहू द्या. घरात कोणीतरी सांगितल्याबरोबर बसणारं झालंय, ते का बिघडवता?"

मुग्धाचीही मराठी याच वाटेने वाढली, त्यामुळे ती सगळी आज्ञार्थी होती. नागपूरहून सुधीरच्या आत्याबाई आल्या तेव्हा मुग्धाने त्यांना वाकून नमस्कार केला आणि गोड आवाजात म्हणाली, "बस." आत्याबाई बसल्या. पाणी आणायला आत जाताना म्हणाली, "थांब." आत्याबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की पोरगी अशी काहून बोलून राहिली.

एवढं शास्त्र सांगणाऱ्या बाईंचा स्वतःचा कुत्रा मी एकदाच पाहिला. धडे सुरू असतानाच मी त्यांच्या घरी पुरणपोळ्या द्यायला गेले होते. बाहेरच्या खोलीतल्या एकुलत्या एका आरामखुर्चीत एक म्हातारा, ठेंगणा, एका डोळ्याने अधू कुत्रा झोपला होता आणि बाई शेजारी लाकडी स्टुलावर बसून वाचत होत्या. मी आले म्हणून तो उठला नाही, त्याने फक्त एक शिवीवजा आवाज काढला. पुरणपोळीचा वास लागल्यावर मात्र उतरून आला आणि बाईंच्या गुडघ्यावर पंजा आपटून हक्काने वाटा घेतला. मी हसू दाबत होते. "सोन्या म्हणजे माझा गुरू," बाई म्हणाल्या. "मला वळण लावायला त्याला फार कष्ट पडले. आता मी बऱ्यापैकी वागते."

महालक्ष्म्या आल्या. पंगतीला बाईंनाही बोलावलं होतं. सकाळपासून घरात पुरण, आंबील, भाज्या आणि भीती. घंटा वाजली की सगळ्यांनी गप्प व्हायचं आणि जिलबीकडे पाठ करायची, हा आमचा सराव इतका पक्का झाला होता की पाहुणे येत आणि आमच्या पाठी बघून गोंधळत. जिलबी सतरंजीवर होती. दुपारी जीप थांबली. शेतात पल्याडच्या बांधावर हाक मारायची सवय असलेल्या गळ्याने प्रभाकरभाऊजींनी "ओ वहिनी!" म्हटलं आणि घंटाही दाबली, हातात दोरी. आम्ही सगळेच्या सगळे वळलो. सुधीर पुरणाचं पातेलं घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा.

भाऊजी उंबऱ्यातच थबकले. "काहून जी," ते म्हणाले, "माझं काही चुकलं काय?"

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. जिलबी सतरंजीवरून उठली होती. ती हळूहळू त्यांच्या दिशेने निघाली. बाबा नेमके दोघांच्या मध्ये होते, नुकताच प्लास्टरमधून सुटलेला हात पोटाशी धरून. मुग्धा म्हणाली, "जागेवर." आवाज चढवला नाही. जिलबीने भाऊजींकडे पाहिलं, पातेल्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि वळून सतरंजीवर गेली.

बाबांचा जीव भांड्यात पडला. "बस, प्रभाकर, बस," ते घाईघाईने म्हणाले. जिलबी बसली. भाऊजीही, काही समजत नसल्यामुळे, होते तिथेच फरशीवर बसले. सुधीरने पातेलं ठेवलं, डोळ्यांवरून मनगट फिरवलं आणि वाफ लागली असं म्हणाला. त्या संध्याकाळी दोरी जीपमधून जशी आली तशीच परत गेली. जाताना भाऊजींनी बाईंना विचारलं की त्या माणसांचीही शिकवणी घेतात काय, घरी मोठे भाऊ फार चिडतात. बाई म्हणाल्या, "घेते. पण त्यांच्याबरोबर घरातले सगळे यायला हवेत."

नंतर दोनेक वर्षं त्या कामाशिवायही येत राहिल्या. बाबांशी जुन्या मराठी शब्दांवरून वाद घालत, आणि बाबा त्यांच्यासाठी फुटाण्यांची पुडी वेगळी ठेवत. मग गुडघ्यांनी दगा दिला. स्कूटर सुटली, जिने सुटले. नागपूरच्या बहिणीने बोलावलं आणि त्यांनी इथलं बिऱ्हाड मोडलं.

निघायच्या आदल्या दुपारी त्या आल्या. मी ओटीची तयारी केली होती, मुग्धाने कार्ड बनवलं होतं. बाईंनी सगळं बाजूला ठेवायला लावलं. त्या म्हणाल्या, "कुत्र्याला निरोप कळत नाही, आपलं रडणं कळतं. म्हणून भाजी आणायला निघाल्यासारखं निघायचं. कोणी फाटकापर्यंत यायचं नाही." त्यांनी चहा घेतला, जिलबीच्या कानामागे खाजवलं, तिचे दात तपासले, आणि रिक्षा आल्यावर पिशवी उचलून खरोखरच भाजीला निघाल्यासारख्या बाहेर पडल्या. सांगितल्याप्रमाणे आम्ही आपापल्या जागी बसून राहिलो. सुधीर पेपर वाचत होता, पान उलटत नव्हतं. मुग्धाने मान खाली घातली होती. जिलबीने एक कान उचलला आणि पुन्हा झोपली.

बाबा उठले. मी म्हटलं, बाबा, त्यांनी नको सांगितलंय. बाबांनी काठी घेतली, टोपी घातली.

"मी काही कुत्रा नाही," ते म्हणाले आणि फाटकापर्यंत गेले.

रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी बराच वेळ ते तिथे उभे होते. आत आल्यावर त्यांनी अंगणातल्या नळावर पुन्हा पुन्हा तोंड धुतलं. मी टॉवेल घेऊन गेले, तर म्हणाले, ऊन फार आहे आज. पौषाचे दिवस होते आणि अंगणात ऊन आलेलंच नव्हतं.