आतोबांचा बहिष्कार आणि आत्याचं मनगट

घरी पाव बनवायचं मशीन घ्यावं की नाही, या प्रश्नावर चार पानी पत्रक काढणारा माणूस तुमच्या पाहण्यात आहे का? माझ्या आहे. ते माझे आतोबा, आत्याचे यजमान, आणि त्यांच्याइतका तत्त्वाचा माणूस अख्ख्या तंजावरात दुसरा सापडायचा नाही. कालवे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते सतत कशाच्या तरी विरोधात असतात. एकदा तिरुवैयारूच्या बसमध्ये कंडक्टर एका फुलवालीशी उर्मटपणे बोलला, म्हणून हे निषेध नोंदवून वाटेतच उतरले आणि भर उन्हात चालत घरी आले. फुलवाली बसनेच वेळेवर बाजारात पोचली. घरातले निर्णयही ते पत्रकानेच कळवतात. भाषा मराठी, लिपी तमिळ, कारण देवनागरी आम्हा तंजावरच्या मराठी लोकांत फार थोड्यांना वाचता येते. मी त्यांच्याच घरात, ती पत्रकं वाचतच वाढले. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मला ‘भात वाढ’च्या आधी येत असावेत.

पावाचं प्रकरण जुनं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने आठवड्याची सुट्टी मागणाऱ्या दोन कामगारांना काढून टाकलं. आतोबांनी त्याच दिवशी बहिष्कार पुकारला: विकतचा पाव या घरात येणार नाही. पुढे ती बेकरी बंद पडली, तिथे मोबाईलचं दुकान आलं. बहिष्कार चालूच राहिला. आणि आतोबांना शनिवारी न्याहारीला पाव लागतोच, म्हणून दर शनिवारी आत्या पहाटे उठून पीठ मळत आली. मीही तो पाव लोणी लावून खाल्ला आणि बहिष्काराचा जयजयकार केला.

यंदा तिचं मनगट सुजलं. कोइंबतूरहून आतेबहीण फोनवर म्हणाली, “मशीन पाठवते.” आतोबांनी लगेच पत्रक लिहिलं. त्यातला मुख्य मुद्दा कैराशीचा होता. ज्याच्या हाताने कालवलेलं इडलीचं पीठ हमखास फुगतं, त्याच्या हाताला आमच्याकडे कैराशी आहे म्हणतात.

“मशीनला कुठली कैराशी?” आतोबांनी विचारलं. “ती तुझ्या हाताला आहे.”

आत्याने सुजलेला हात त्यांच्यापुढे धरला. “घ्या की मग. दुखण्यासकट घ्या.”

“मी तत्त्वाचं बोलतोय.”

“तत्त्व तुमचं, पीठ माझं. बरी वाटणी आहे, अहो.”

त्या दिवशी मी आयुष्यातलं पहिलं पत्रक काढलं, तेही गुरूच्या विरोधात. स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं: ‘ज्याला मशीन नको, त्याने स्वतः मळावं.’ आतोबांनी चष्मा लावून वाचलं, लाल पेन्सिलीने माझ्या दोन चुका सुधारल्या आणि म्हणाले, “मुद्दा बरोबर आहे. सेरि, ठीक आहे, मळतो.”

शनिवारी त्यांनी वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पिठाला भिडले. दहा मिनिटांत कोपरापर्यंत पीठ, पंधराव्या मिनिटाला भिंतीला पाठ. पाव असा झाला की सुरीच वाकली. तो त्यांनी दिवसभर एकट्याने, सांबारात बुडवून बुडवून संपवला. असे चार शनिवार गेले. पाचव्या शनिवारच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः मुलीला फोन लावला. “पाठव,” एवढंच म्हणाले. मग ओट्याशी उभ्या असलेल्या आत्याकडे न बघता पुढे बोलले, “इतकी वर्षं हिने हे केलं. मला वाटायचं, मी करतोय.”

मशीन आलं. पाव चांगला होतो. आता शनिवारी आत्या उशिरा उठते, आणि आतोबा पावाचा पहिला तुकडा लोणी लावून तिच्या डाव्या हातात देतात, कारण उजव्या हाताची मूठ तिला पुरती मिटता येत नाही. डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं.

आतोबांवर माझं अजूनही प्रेम आहे, आणि बहिष्कारांवरही. पण तुमच्या घरात एखादं तत्त्व पाळलं जात असेल, तर ते कोणाच्या हातांनी पाळलं जातंय ते आज बघा. त्या माणसाजवळ बसा आणि दुखतं का, ते विचारा.